बिंदुसरेच्या तीरी

बीड शहराबाहेरची सोळाव्या शतकातील खजाना विहीर पाहून आम्ही गावात परतलो. अवर्षणातही ती आटत नाही अशी तिची ख्याती आहे. शहराच्या मधोमध बिंदुसरा वाहते. परंतु पुलावरून पाहता पात्रात सांडपाणीच अधिक दिसले. २३ जुलै १९८९ रोजी याच नदीच्या महापुराने शहरात हाहाकार माजविला होता.

काठच्या वस्तीत मात्र आमचे लक्ष वेधले ते दारोदारच्या पिंपांनी. नळाचे पाणी माजलगावच्या धरणातून येते, पण कित्येक दिवसांच्या अंतराने. तेव्हा गरिबास साठवणीवाचून गत्यंतर नाही. आणि डेंग्यूचा डास गटारात नव्हे, तर अशाच निवळ, साठविलेल्या पाण्यात वाढतो! आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, आणि चावतो तो भरदिवसा. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा, असे आरोग्यखाते सांगते. उपदेश शास्त्रशुद्ध खरा. तो ऐकवताच एक आजीबाई म्हणाल्या, “टिपाड पालथं करा म्हनतेत, मंग लेकरायला काय पाजावं?” आम्हांस उत्तर सुचेना. सुखवस्तूंच्या गच्चीवर झाकणाची टाकी असते. येथे पिंपावर फाटके पोते.

जाड फडके ताणून बांधले तरी पुष्कळ निभावते. पिंप रिते होताच आतली कड खसाखसा घासावी. कारण तेथे चिकटलेली अंडी सुकूनही महिनोन्महिने जगतात, आणि नळ आला की पुन्हा भिजतात.