ओळंबा

"ताई, हे कटआउट खालच्याच्या ओळंब्यात बसत नाही. सरांना सांगा."

वायरमन काका मला हे म्हणाले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता. मी मान हलवली, "हो काका" म्हटलं आणि हातातल्या यादीवर टिक केली. खरं सांगायचं तर 'ओळंबा' म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं! दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी. मराठी म्हणजे घरी आजीशी बोलायची भाषा. विचारलं तर काका हसतील असं वाटलं. आणि तिथेच सगळं चुकलं.

सुट्टीत इनप्लांट ट्रेनिंगसाठी मी एका व्यापारी इमारतीच्या साइटवर जात होते. खाली दुकानं, वर पाच मजले ऑफिसं. इलेक्ट्रिकलवाल्यांचं काम भिंती उभ्या राहिल्यावर सुरू होतं, अशी माझी समजूत. झिरी मारायची, पाईप टाकायचा, वायर ओढायची, झालं! (हा 'झिरी' शब्दही मी तिथेच शिकले.)

साइटवरच्या सरांनी पहिल्याच दिवशी ही समजूत मोडली. त्यांनी कागद पुढे केला आणि बेरीज करायला लावली. सहा मजले, प्रत्येकी साधारण ४० किलोवॉट, म्हणजे २४० किलोवॉट. सगळं एकाच वेळी चालू नसतं, म्हणून ०.७ ने गुणायचं, झाले १६८. पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर जवळजवळ १८७ केव्हीए, म्हणजे ४१५ व्होल्टला सुमारे २६० अँपिअर. "आता सांग, ही केबल कुठून वर चढणार?" सरांनी विचारलं. मी गप्प! पुस्तकात केबलचा साइज काढायला शिकले होते, पण तिला जागाही लागते हा विचार कधी मनात आला नव्हता.

मग हळूहळू कळत गेलं. ट्रान्सफॉर्मर इमारतीच्या आत ठेवायचा तर ड्राय टाइपच लागतो. तेलाचा हवा असेल तर बाहेर आवारात जागा सोडावी लागते. ही जागा पार्किंगची आखणी होण्याआधी मागायची, नंतर कोण देणार? अर्थिंगचे खड्डे फरसबंदीच्या आधी. स्लॅबमधले पाईप आणि फॅन बॉक्स काँक्रीट पडायच्या आधी. केबलसाठी वेगळा शाफ्ट हवा, आणि लागलेली आग त्यातून वर चढू नये म्हणून प्रत्येक मजल्यावर तो बंद करायचा. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये हे सांगितलंच आहे. थोडक्यात, वीज येते सगळ्यात शेवटी, पण तिची जागा ठरवायची सगळ्यात आधी.

एवढं सगळं कळूनही मी ती टिक केली होती.

पंधरा-वीस दिवसांनी सेंट्रिंग निघालं. मी शाफ्टमध्ये उभी राहून वर पाहिलं आणि पोटात गोळाच आला. दुसऱ्या मजल्याचं भोक एकीकडे, तिसऱ्याचं दोन फूट पलीकडे आणि मध्ये चांगला जाडजूड बीम! झालं होतं असं, की माझ्या हातातला इलेक्ट्रिकलचा नकाशा जुना होता. स्ट्रक्चरच्या नव्या नकाशात तिथे बीम आला होता, म्हणून सुतारांनी कटआउटची पेटी सरकवून ठोकली. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नाहीत. पाहायचं काम माझं होतं.

बीम तर तोडता येत नाही. मग केबलला दोन वळणं द्यावी लागणार. पण आर्मर्ड केबल काही सुतळी नव्हे! तिच्या व्यासाच्या साधारण बारा पट त्रिज्येपेक्षा कमी वळवायची नसते. ५० मिलिमीटर जाडीची केबल, म्हणजे ६०० मिलिमीटरची त्रिज्या. ती वळणं शाफ्टमध्ये मावेनात. शेजारच्या ऑफिसची भिंत आत घ्यावी लागणार होती.

ठेकेदार काकांवर ओरडला, "इतकी वर्षं काम करतोस, तुला दिसलं नाही?" दोन दिवसांची मजुरी कापतो म्हणाला. काकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी सरांसमोर यादी ठेवली आणि सगळं सांगितलं. "काकांनी मला सांगितलं होतं सर, मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही." सर बराच वेळ यादीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नवा नकाशा तुझ्या हातात द्यायचं काम माझं होतं. पण न बघता टिक करणं तुझं." त्यांनी लगेच ठेकेदाराला फोन लावला. काकांची मजुरी वाचली. भिंत मात्र सरकवावीच लागली.

दुपारी मी काकांकडे माफी मागायला गेले. त्यांनी गवंड्याकडून दोरीला बांधलेलं लोखंडी वजन मागून आणलं, शाफ्टमध्ये सोडलं आणि म्हणाले, "हा बघा ताई, ओळंबा. हा खोटं बोलत नाही." दोरी सरळ बीमला जाऊन टेकली. दोन मिनिटांचं काम होतं!

मित्रांनो, प्लॅनिंगवर आपण परीक्षेत पानंच्या पानं लिहितो. पण साइटवर प्लॅनिंग म्हणजे काँक्रीट पडायच्या आधी तोंड उघडणं, एवढं मला कळलंय. आता कुणी न कळणारा शब्द वापरला की मी आधी विचारते. हसले तर हसू देत. टिक त्यानंतर.