टाकी, बांध, तवंग

१
जानेवारी १९६९. सांता बार्बराच्या समुद्रातली तेलविहीर फुटली. जूनमध्ये क्लीव्हलंडच्या कायाहोगा नदीवरचं तेल पेटलं. तेलगळती रोखण्याचा अमेरिकी नियम, एसपीसीसी, डिसेंबर १९७३मध्ये आला. डिझेल साठवणाऱ्या शेतांना मात्र मुदत मिळत गेली, थेट १० मे २०१३पर्यंत.

२
साठ्याची मोजणी ५५ गॅलनपासून सुरू होते, म्हणजे साधारण दोनशे लिटरच्या पिंपापासून. पिंप अर्धं रिकामं असलं तरी पूर्ण भरलेलं धरायचं.

३
सांडलेलं डिझेल ओढ्यापर्यंत पोचेल का, हे ठरवताना माणसाने घातलेला बांध हिशेबात धरायचा नाही. फक्त उतार, अंतर, जमीन पाहायची. अख्ख्या नियमातलं सर्वात शहाणं कलम हेच.

४
तरीही टाकीभोवती बांध हवाच. सगळ्यात मोठी टाकी पूर्ण रिती झाली तरी तेल आत मावलं पाहिजे, वर पावसाच्या पाण्यालाही जागा उरली पाहिजे. मग पाऊस येतो, बांधाच्या आत तळं साचतं आणि खरं काम सुरू होतं. निचऱ्याचा व्हॉल्व्ह एरवी बंद. पाणी सोडण्याआधी वाकून पाहायचं : तवंग आहे का? नसेल तर व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी जाईपर्यंत तिथेच थांबायचं, पुन्हा बंद करायचा, वहीत नोंद करायची. पेरणीच्या घाईत हा व्हॉल्व्ह एकदा उघडा राहिला, की बांध असून नसल्यासारखा.

५
दुधात स्निग्धांश असतो, म्हणून दुधाच्या टाक्याही या नियमात येत. २०११मध्ये वगळल्या. बरं झालं.

६
नियम लागू होण्याची मूळ मर्यादा एकूण १,३२० गॅलनची. २०१४च्या कायद्याने शेतांना २,५०० गॅलनपर्यंत सूट दिली. पूर्वी नोंद करण्याजोगी गळती झालेली नसेल, तर ६,०००पर्यंत. ६,००० गॅलन म्हणजे जवळजवळ २२,७०० लिटर. छोट्या शेतकऱ्याला हा नियम जड जातो, हे मान्य. पण ओढ्याला लागून असलेल्या टाकीला आणि दूर माळावरच्या टाकीला एकच आकडा लावायला नको होता.

७
पाण्यावर तवंग दिसला की नॅशनल रिस्पॉन्स सेंटरला कळवायचं. सूट मिळालेल्या शेतानेही.

८
शेतावर दिवसातून किमान चार तास माणसांचा वावर असेल, तर नियमाप्रमाणे लिहिलेली गळतीरोधाची योजना तिथेच ठेवावी लागते. माझ्या मते ती टाकीजवळच्या शेडमध्ये असावी. डिझेल वाहताना आधी धावतो तो ट्रॅक्टरवरचा माणूस, आणि घरातल्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे नसते.