समुद्राची आणेवारी

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावी तलाठी होते. आणि भाद्रपद उतरणीस लागून भात निसवू लागले म्हणजे मामलेदारांच्या हुकुमाबरहुकूम पिकाची आणेवारी ठरविण्यासाठी, धोतराचा काचा मारून व छत्री काखोटीस लावून, त्यांना बांधाबांधाने हिंडावे लागे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. अंदाज चार आण्यांवर उतरला तर त्या सालचा शेतसारा तहकूब. त्यामुळे आणा-दोन आण्यांच्या फरकात पुष्कळांची दिवाळी सामावलेली असे. उतारवयात पडवीत बसून ते मला सांगत, की उभ्या पिकाची आणेवारी करण्यात काही मोठी हुशारी नाही. कापणी होऊन, खळी उठून, गावची गुरे शेतांत मोकाट सुटल्यानंतर जो नुसती खोडे पाहून पिकाचा अदमास सांगेल, त्याच्या नजरेला नजर म्हणावे.

हे बोलणे मी तेव्हा थट्टेवारी नेले. पुढे तीस-बत्तीस वर्षे गोव्यात राहून मी जो उद्योग केला, तो बरोबर हाच होता. फरक इतकाच, की माझे शेत म्हणजे अरबी समुद्र, आणि ज्या पिकाविषयी मला विचारण्यात येई त्याची कापणी होऊन वीस-वीस हजार वर्षे लोटलेली असत.

समुद्राचे पीक म्हणजे त्याच्या वरच्या शंभरएक मीटरांच्या उजेडात वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे वनस्पतिप्लवक. तारली, बांगडा आणि त्यांच्यावर जगणारे आपण, ही सारी त्या पिकाची रयत. यंदा दर्या किती पिकला हे नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरणाऱ्या रापणकाराला कोणत्याही उपकरणावाचून समजते. परंतु हिमयुगाच्या ऐन भरात, म्हणजे सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, जेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा तो किती आणे पिकत होता असे विचारावयाचे झाल्यास तळाच्या गाळावाचून दुसरे दफ्तर नाही.

ते दफ्तर उघडण्याची रीत मी 'सागरकन्या'वर शिकले. १९८३ साली जर्मनीत बांधलेल्या या संशोधननौकेच्या कठड्यावरून, डोक्यावर शिशाची वजने चढविलेली एक पोलादी नळी तारेच्या दोराने हजार-दोन हजार मीटर खाली सोडीत. ती स्वतःच्याच भाराने तळात रुते आणि वर येई तेव्हा तिच्या पोटात पाच-सहा मीटर लांबीचा, हिरवट, लोण्यासारखा मऊ गाळाचा स्तंभ असे, ज्याला आम्ही सारे नुसते 'कोअर' म्हणतो. कधीकधी त्याला कुजक्या अंड्यांचा वास येई, आणि नवखी मंडळी नाकाला रुमाल लावीत. मग त्याचे मीटर-मीटरचे तुकडे करावयाचे, प्रत्येकावर वरची बाजू दाखविणारा बाण काढावयाचा, प्रत्येक तुकडा उभा चिरून एक अर्ध कामासाठी घ्यावयाचे आणि दुसरे पुढच्या पिढीसाठी थंड खोलीत ठेवून द्यावयाचे. खोल समुद्रात असा गाळ हजार वर्षांत दोन-चार सेंटीमीटर साठतो, किनाऱ्यालगतच्या उतारावर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे सुरीच्या एका पात्याखाली कुठे चाळीस वर्षे येतात, कुठे चारशे.

पण हे दफ्तर म्हणजे रोजकीर्द नव्हे. पृष्ठभागाशी जितके सेंद्रिय द्रव्य निपजते त्यातले बहुतेक तिथल्या तिथेच खाल्ले जाते. शंभर भागांतला जेमतेम एक भाग खोल तळापर्यंत पोहोचतो, आणि त्यातलाही बराचसा कृमी-जंतूंच्या मुखी पडून उरलेला अल्पांश कायमचा पुरला जातो. जमा नाही, खर्च नाही, नुसत्या शिल्लकेचा आकडा हाती यावा आणि त्यावरून कुळाचे उत्पन्न काढण्यास फर्मावले जावे, असा हा कारभार आहे.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण मला ते समजलेले नव्हते. माझ्या उमेदवारीच्या काळात मी दोन कोअरमधील सेंद्रिय कर्ब मोजला: एक कोअर उतारावरचा, सुमारे सातशे मीटर खोलीचा, दुसरा पुष्कळ खोल पाण्यातला. पहिल्यात चार टक्क्यांच्या वर, दुसऱ्यात एक टक्काही नाही. उतारावरचे पाणी चौपट सुपीक असले पाहिजे, असा निष्कर्ष मी मोठ्या दिमाखाने टंकलिखित करून आमच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, उरलं किती ते कळलं. खाणारे किती होते?"

त्या प्रश्नासरशी मला पडवीतले आजोबा आठवले. अरबी समुद्रात सुमारे दीडशे ते हजार-बाराशे मीटर खोलीच्या दरम्यान प्राणवायूचे जबर दुर्भिक्ष आहे. माझा पहिला कोअर नेमका त्या पट्ट्यातला होता. तिथे गुरेच कमी, म्हणून पेंढा शिल्लक राहिला असणे शक्य होते. अर्थात, प्राणवायू नाही म्हणून कर्ब टिकतो, की गाळाचा पोत, प्रवाहांची धुलाई आणि वरून होणारा पुरवठा हीच खरी कारणे, याविषयी १९९० च्या दशकात याच समुद्राच्या दोन्ही उतारांवरून पंडितांमध्ये मोठा वाद झडला. पण तो वादच सांगतो, की एका साक्षीदाराच्या जबानीवर निवाडा देऊ नये.

या दुविधेला आमच्या शास्त्राइतकीच वर्षे झाली आहेत. १९४७–४८ च्या स्वीडिश मोहिमेत 'आल्बाट्रॉस' जहाजाने पॅसिफिक महासागराच्या विषुववृत्तीय भागातून लांबच लांब कोअर काढले, आणि गुस्ताफ आऱ्हेनियस या तरुणाने त्यांतील चुन्याचे चढउतार पाहून प्रतिपादन केले, की हिमयुगांत व्यापारी वारे जोराने वाहून समुद्र अधिक पिकत असावा. कर्बवायूमुळे पृथ्वी तापेल हे गणित १८९६ साली मांडणाऱ्या स्वांटे आऱ्हेनियसचा हा नातू. परंतु चुना खोल पाण्यात विरघळतो. म्हणून ते चढउतार पिकाचे की विरघळण्याचे, हा प्रश्न पुढे उभा राहिलाच. इतक्या मोठ्या माणसाला ज्या बांधावर ठेच लागली, तिथेच आपल्यालाही लागली, याचे मला पुढे थोडे समाधानच वाटले.

तेव्हापासून मी साक्षीदार वाढवीत गेले, आणि प्रत्येकाचा स्वभाव ओळखण्यात माझी बहुतेक वर्षे खर्ची पडली. बेरियम हा विश्वासू कारकून: कुजणाऱ्या कणांत त्याचे स्फटिक तयार होतात आणि गाळात चांगले टिकतात, मात्र जमिनीवरच्या मातीतून आलेला त्याचा हिस्सा ॲल्युमिनियमच्या प्रमाणावरून आधी वजा करावा लागतो, आणि जिथे त्या कुजक्या अंड्यांच्या वासाची सत्ता चालते तिथे तोही फितूर होऊन विरघळतो. डायाटम या वनस्पतिप्लवकांची सिलिका मोठी गुणी, पण वाटेतच बरीचशी विरून जाणारी. नत्राचे समस्थानिक पिकापेक्षा प्राणवायूच्या दुष्काळाचीच हकीकत अधिक सांगतात. आणि या सर्वांवर देखरेख करणारे थोरियम-२३०: समुद्रात विरघळलेल्या युरेनियमपासून ते सर्वत्र सारख्याच गतीने निपजते आणि लगोलग कणांना चिकटून खाली बसते, त्यामुळे वरून किती यावयास हवे हे आधीच ठाऊक असते, आणि त्याहून जास्त सापडले तर शेजाऱ्याचे भात आपल्या खळ्यावर घसरत आले आहे असे समजावे.

माझा जीव मात्र जडला तो 'ग्लोबिजेरिना बुलॉइडिस' या चिमुकल्या एकपेशीय प्राण्याच्या शिंपल्यावर. गाळ चाळणीवर धुऊन, वाळवून, उरलेली पांढरी रेती सूक्ष्मदर्शकाखाली पसरावी, आणि ओलसर बारीक कुंचल्याने एकेक शिंपला उचलून तीनशेपर्यंत मोजावेत. त्यांत बुलॉइडिस किती, यावर सारी मदार. तो थंड, अन्नसमृद्ध पाण्याचा शौकीन. नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचे पाणी दूर लोटतात, खालचे थंड पाणी वर येते, आणि त्याबरोबर बुलॉइडिसची झुंबड उडते. म्हणून पश्चिम काठच्या कोअरमध्ये तो हिमयुगात रोडावतो आणि मोसमी पाऊस सबळ झाला तेव्हा, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून, पुन्हा भरास येतो. आमच्या पूर्व काठच्या काही कोअरमध्ये मात्र उलटेच दिसते: हिमयुगातच समुद्र अधिक पिकलेला, कारण तेव्हाचे हिवाळी, कोरडे, थंड वारे पाणी ढवळून खालचे अन्न वर आणीत असावेत. एकच समुद्र, पण खरीप एका काठाचे आणि रब्बी दुसऱ्याचे.

माझी अखेरची काही वर्षे बुलॉइडिसच्याच जातकुळीतल्या, पण तळाशी राहणाऱ्या फोरामांच्या मोजणीत गेली. 'युव्हिजेरिना', 'बोलिव्हिना' ही त्यांची नावे. वरून पडणाऱ्या उष्ट्यावर जगणारी आणि थोडक्या प्राणवायूत भागविणारी ही जात. एके दुपारी त्यांची रास उपसताना ध्यानात आले, की ज्यांनी माझा दस्तऐवज खाल्ला म्हणून मी इतकी वर्षे हळहळत होते, त्यांतलेच हे काहीजण, आणि आपली हजेरी तेवढी त्यांनी शिंपल्याच्या रूपाने मांडून ठेवली होती. आजोबांनीही खोडांवरून पीक ओळखण्याची युक्ती शेवटी सांगितलीच होती. पण ती मी ऐकून सोडून दिली होती. "खोडं बघायचीच," ते म्हणत, "पण मग गोठ्यात जायचं आणि गुरांच्या बरगड्या बघायच्या." त्यांच्या वहीत आण्यांखाली पईचा आकडा कधी नसे, आणि माझ्याही आलेखांतल्या रेषेभोवती मी नेहमी एक रुंद, राखी पट्टा काढीत आले.