छप्पर झाडलंस का?

काड्यापेटीचा आतला खण तुम्ही बोटाने ढकलून बाहेर काढला असेलच. अगदी तशीच भिंतीतून बाहेर सरकणारी खोली मी पाहिली आहे. नुसती पाहिली नाही, अडकवलीसुद्धा आहे!

गोष्ट 2019 सालच्या मे महिन्यातली. नववीची परीक्षा आटोपून मी अमेरिकेत डेन्वरला मामाकडे गेलो होतो. त्याच्याकडे ट्रॅव्हल ट्रेलर होता, म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आत ओटा, पलंग, संडास-बाथरूम, सगळं! पण तिथल्या रस्त्यांवर वाहन साधारण साडेआठ फुटांहून रुंद चालत नाही. म्हणून मुक्कामी पोचलं की बटण दाबायचं. मोटर घर्र करते आणि भिंतीचा एक भाग सोफ्यासकट बाहेर सरकतो. हाच तो स्लाइड-आउट. निघताना मात्र तो आत घ्यावाच लागतो.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मॅडिसनच्या तळावर आम्ही तीन दिवस राहिलो. भोवती लॉजपोल पाइनची सरळसोट झाडं. मामाने प्रत्येकाला काम वाटून दिलं होतं. माझं काम एकच : निघण्याआधी शिडीवर चढून स्लाइड-आउटचं छप्पर झाडायचं.

शेवटच्या दिवशी सकाळी बाहेर कडाक्याची थंडी, आणि आत मामीने केलेले गरमागरम पोहे! मी कुठला उठतोय? मामाने विचारलं, “छप्पर झाडलंस का रे?”

“हो!” मी ठोकून दिलं.

मामाने बटण दाबलं. खोली निम्मी आत आली, ‘कर्र’ असा आवाज झाला आणि ती तिरकी होऊन थांबली. मामाने लगेच बोट उचललं.

मग शोधाशोध सुरू झाली. मामाने आधी मीटर लावून बॅटरी तपासली. साडेबारा व्होल्ट, म्हणजे ठीक. फ्यूज शाबूत. वायरी घट्ट. आत सोफ्यामागे चप्पल, खेळणं काही अडकलेलं नाही. गाडीखाली झोपून त्याने सरकपट्ट्या पाहिल्या. त्याही स्वच्छ. तास गेला. दुपारपर्यंत जागा सोडायची होती. मामी घड्याळ पाहत होती, छोटी मामेबहीण रडकुंडीला आली होती.

शेवटी मामा म्हणाला, “आता हँडल लावून हाताने ओढू. छप्पर तर याने झाडलंच आहे, म्हणजे मोटरच गेली असणार.”

माझ्या पोटात गोळा आला. जोर लावून ओढलं आणि काही मोडलं तर? मी कसाबसा म्हणालो, “मामा, मी छप्पर झाडलं नाही.”

मामाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग बटण उलटं दाबून खोली थोडी बाहेर काढली आणि शिडी लावली. “चढ.” वर सुया आणि काटक्यांचा थर होता. कडेच्या रबरी पट्टीखाली लिंबाएवढी दोन टणक, काटेरी पाइनफळं रुतली होती. ती काढली, छप्पर झाडलं, आणि खोली सुरळीत आत गेली. पण पट्टी बोटभर फाटली होती. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तिला चिकटपट्टी लावली.

घरी पोचल्यावर नवी पट्टी आम्ही दोघांनी मिळून बसवली. तेव्हा मामाने सगळं शिकवलं. आधी ट्रेलर समपातळीत उभा करायचा, मगच खोली बाहेर काढायची. वाटेत कुणी उभं नाही ना, ते बघायचं. रबर साबणाच्या पाण्याने पुसायचं. सरकपट्टीला ग्रीस फासायचं नाही, त्यावर धूळ चिकटते. कोरडं वंगण फवारायचं. आणि आवाज बदलला की लगेच थांबायचं, जबरदस्ती करायची नाही.

मामा रागावला नाही. एवढंच म्हणाला, “अरे, बिघाड शोधणं म्हणजे डॉक्टरकीच. रोगीच खोटं बोलला तर औषध कसं सापडणार?”

आता घरी मिक्सर बंद पडला आणि आईने “कोणी काय केलं?” असं विचारलं, की मी आधी हात वर करतो. बोलणी खावी लागतात, पण मिक्सर लवकर दुरुस्त होतो, बरं का!