विलास घोगरेंचे एक संथ गाणे

भीमगीत म्हटले की आपल्या लोकांना आधी मिरवणुकीचा ठेका आठवतो. पूर्वी ढोलकी आणि बँजो, आता डीजे. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी आपल्या घराघरांत पाठ आहेत. आमच्या विदर्भात तर दुय्यम कव्वालीचा मुकाबला लागला की माणसे पहाटेपर्यंत सतरंजीवरून हलत नसत. पण चळवळीत आणखी एका तऱ्हेचे गाणे होते, संथ, पायांपेक्षा काळजाला लागणारे. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड त्यातलीच, ती सर्वांना ठाऊक आहे. शाहीर विलास घोगरे यांचे ‘एक कथा सुनो रे लोगो’ मात्र आमच्या यवतमाळकडे फारच थोड्यांनी ऐकले असेल. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

गाणे हिंदी आहे. मुंबईच्या फुटपाथवर देशभरची माणसे निजतात, त्यांना कळेल अशा भाषेत शाहिराने ते बांधले असावे, असे आम्हाला वाटते. घोगरे त्या काळी आव्हान नाट्य मंचाबरोबर गात असत. आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली ‘हमारा शहर’ हा माहितीपट काढला, त्यात ते हे गाणे गाताना दिसतात. काळ कसा होता तेही वाचकांनी लक्षात घ्यावे. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना उठवून गावी धाडण्याचे फर्मान काढले होते. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या चुली थंडावल्या. फुटपाथवासीयांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले, पण फुटपाथवर राहण्याचा हक्क काही दिला नाही. म्हणजे जगायचा हक्क आहे, पाठ टेकायला जागा नाही!

आमचा भाचा पुण्याला नोकरीला असतो, गिटार वाजवतो. त्याला आम्ही हे गाणे ऐकवले तर तो म्हणाला, “मामा, ही तर पॉवर बॅलड झाली.” आम्ही म्हटले, ती काय भानगड? तेव्हा त्याने समजावून सांगितले. विलायती रॉक बँडवाले एरवी ढणाढणा वाजवणार, पण त्यांच्या कॅसेटमध्ये एखादे गाणे संथ असायचे. आधी एकट्याचा आवाज, मग हळूहळू ड्रम चढत जातो आणि शेवटी सारा बँड एकदम तोंड उघडतो. नमुना म्हणून जर्मनीच्या स्कॉर्पियन्स बँडचे ‘विंड ऑफ चेंज’ त्याने मोबाइलवर लावले. शिट्टीने सुरू होते. बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या काळातले, १९९१ मध्ये जगभर गाजलेले. ऐकायला बरे वाटले. आणि बॅलड म्हणजे मुळात गोष्ट सांगणारे गाणे, हे कळल्यावर तर आम्हाला हसूच आले. अहो, हा तर आपला पोवाडा!

घोगरेंच्या गाण्यात असा ड्रम चढत नाही. त्यांचा गळा जाड, कष्टाने घासलेला. ते आरोळी ठोकत नाहीत, ऐकणाऱ्याला जवळ बोलावून मजुराची गोष्ट सांगत बसतात. गाणे संपल्यावर टाळी वाजवायची की नाही ते सुचत नाही.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. विहारातल्या श्रद्धांजली सभेत दोन मिनिटे उभे राहिलेले आठवते. त्यानंतर चारच दिवसांनी, १५ जुलैला, विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात गळफास घेतला, हे आम्हाला फार उशिरा कळले. साथीदारांशी त्यांची आधीच फारकत झाली होती. जन्मभर लाल झेंड्याखाली गायलेल्या या शाहिराने त्या दिवशी डोक्याला निळा पटका बांधला होता. रमाबाई नगरच्या शहिदांना सलाम आणि आंबेडकरी एकजुटीचा जयजयकार लिहून ठेवून ते गेले.

त्यांचा तो मार्ग आम्हाला मान्य नाही, हे स्पष्ट लिहितो. यवतमाळ जिल्ह्यात फास आणि कीटकनाशकाच्या डब्याने किती घरे उजाड केली ते आम्ही जवळून पाहिले आहे. त्यात शौर्य शोधू नये. पण तो माणूस एवढा एकटा पडेपर्यंत आपण, निळे काय आणि लाल काय, कुठे होतो, हा प्रश्न उरतोच.

पटवर्धन यांनी पुढे चौदा वर्षे खपून २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला. त्याची सुरुवातच घोगरेंपासून होते. काही वर्षांपूर्वी आम्ही तो वस्तीतल्या विहारात पांढरी चादर बांधून दाखवला. चित्रपट लांबलचक, लेकरे झोपून गेली. कबीर कला मंचाची गाणी आली तेव्हा तरुण पोरे सावरून बसली. पण घोगरेंच्या गाण्याला सत्तरीची एक मावशी उठून पुढे सरकली आणि म्हणाली, “हे त आमचंच गानं होय रे बाबू.”

नंतर तिने सांगितले. लग्नानंतर ती नवऱ्यासोबत दारव्ह्याकडून मुंबईला गेली होती. नाल्याच्या काठी झोपडी. एका सकाळी तोडायची गाडी आली. “पोरगी, स्टोव्ह आन् बाबासाहेबाचा फोटो, एवढंच हाती लागलं.” तिच्या नातवंडांना यातले अक्षरही ठाऊक नव्हते. आजी मुंबईला होती, एवढेच त्यांना माहीत. त्यातला एक नातू स्वतः पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर जातो, पत्र्याच्या खोलीत राहतो. तो गप्प बसून ऐकत राहिला.

आम्ही जयंती मंडळाच्या बैठकीत हे गाणे सुचवले. पोरे म्हणाली, “भाऊ, जयंतीले काय रडाचं?” त्यांचे म्हणणे खरे आहे. १४ एप्रिल हा आपल्या आनंदाचा दिवस, त्या दिवशी नाचू नका असे सांगणारे आम्ही कोण? (वर्गणीतला मोठा वाटा डीजेवाला नेतो याबद्दल आमची तक्रार वेगळी आहे, ती पुन्हा केव्हा तरी.) पण वर्षात ६ डिसेंबरही येतो, ११ जुलैही येतो. त्या दिवशी तोच ठेका कसा चालेल? बरीच वादावादी झाली. शेवटी ६ डिसेंबरच्या सायंकाळी, बुद्धवंदनेनंतर हे गाणे म्हणायचे ठरले.

म्हणणारा मुलगा अकरावीतला, आवाज चांगला. त्याने मोबाइलवर ऐकून शब्द वहीत उतरवले होते. पण सवयीने कीबोर्डवर मिरवणुकीचा ठेका लावला आणि गाणे दुप्पट वेगाने पळू लागले. दोन-चार पोरांच्या माना डोलायला लागल्या. मावशी पुढेच बसली होती. तिने हात वर करून त्याला थांबवले.

“हळू म्हन ना बाबू. एवढी घाई कायले?”

मुलगा ओशाळला. त्याने ठेका बंद केला, वही जवळ ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.