यादीत नसलेले नाव

आमच्या बेळगावात पन्नाशी उलटलेला गृहस्थ भल्या पहाटे रस्त्याने धावताना दिसला, तर लोक दोनच तर्क करतात. एक तर त्याच्या घरी कुणाला तरी एकाएकी बरे वाटेनासे झाले आहे, किंवा त्याची खानापूरची पहिली बस चुकते आहे. २०२२ च्या हिवाळ्यात मी प्रथम धावायला बाहेर पडलो, तेव्हा आमच्याकडे दूध घालणाऱ्या गृहस्थांनी मोटारसायकल थांबवून मोठ्या कळवळ्याने विचारले, ‘काय झालं हो सर? दवाखान्याला कुणाला न्यायचं हाय काय?’ मी धापा टाकीत ‘सहज’ एवढेच म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही. पुढे पाचशे पावलांवर मीच थांबून कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, तेव्हा ते वळून आले आणि ‘बसा मागं, घराकडं सोडतो’ म्हणाले. माझ्या धावण्याच्या कारकीर्दीचा हा आरंभ.

कारण काही उदात्त नव्हते. रक्तातील साखर वाढली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केले आणि रोज तासभर पाय हलवा असे बजावले. एका सरकारी मराठी शाळेचा मुख्याध्यापक दिवसभर हलवतो ते मुख्यत्वे कागद. तेव्हा व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून फेऱ्या मारण्यास मी सुरुवात केली. प्रथम चालणे, मग दोन विजेच्या खांबांमध्ये धावून पुढच्या दोन खांबांमध्ये चालणे, असे करता करता सहा महिन्यांत मी न थांबता आठ किलोमीटर धावू लागलो. साखर उतरली. पोट उतरले. उतरला नाही तो एक नवाच उपजलेला अहंकार.

बेळगावकराला धावण्याचा अभिमान वाटावा असे काही या मातीत घडले आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणाऱ्या शेतकरी तरुणांना पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात त्यांना ऑलिंपिकला पाठवण्याची कल्पना आली आणि १९२० साली अँटवर्पला जे मोजके खेळाडू गेले त्यांत आमच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. वेळ लागला २ तास ५० मिनिटे आणि काही सेकंद. आणि तेव्हाचा तो रस्ता आजच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा अर्ध्या किलोमीटरहूनही अधिक लांब होता. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मला अनेक कवींचे जन्मगाव सांगता येते. स्वतःच्या गावचा हा माणूस मात्र वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, पायांना फोड आल्यावर भेटला.

असा अभिमान डोक्यात भरलेला असतानाच मी एका शर्यतीसाठी नाव नोंदवले. गावाचे नाव सांगत नाही. त्या गावाचा काही दोष नाही. अंतर अर्ध्या मॅरेथॉनचे, म्हणजे २१ किलोमीटरहून थोडे अधिक. छातीवर लावायच्या कागदी क्रमांकाच्या मागे एक चिमुकली पट्टी चिकटवलेली असते. आरंभाला, वळणाच्या जागी आणि अखेरीस रस्त्यावर रबरी चटया अंथरलेल्या असतात. त्यांवरून धावणारा गेला की यंत्र त्या पट्टीची नोंद घेते. कोण कुठे किती वाजता होता हे सारे त्यात उमटते. मला हे समजावून सांगण्यात आले होते. परीक्षेच्या सूचनांसारखे तेही मी लक्ष न देता ऐकले.

नवशिक्याची जी ठरलेली चूक, ती मी केली. बंदूक सुटताच पंचविशीतल्या पोरांबरोबर निघालो. पहिले पाच किलोमीटर पायांना पंख होते. दहाव्याला ते गळाले. वळणाची चटई आडरस्त्याला वळून थोडी पुढे, अकराव्या किलोमीटरनंतर होती. तिच्या अलीकडेच माझ्या पोटऱ्यांत असे गोळे आले की मी रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर बसलो. ऊन चढले होते. मागून थकल्याभागल्यांना उचलत येणारी गाडी आली, आतल्या मुलाने हात दिला आणि मी चढलो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. शरीर नाही म्हणाले, तर ऐकावे.

लाजिरवाणे पुढे घडले. गाडीने आम्हाला शेवटच्या कमानीच्या अलीकडे, बाजूच्या गल्लीत उतरवले. सामान घ्यायला जायची वाट कमानीखालूनच होती. धावून आलेल्यांच्या गर्दीत मीही लंगडत त्या वाटेला लागलो. पलीकडे एक शाळकरी मुलगी हातावर पदकांच्या रिबिनी अडकवून उभी होती. तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, ‘अभिनंदन आजोबा!’ म्हणाली आणि पदक माझ्या गळ्यात घातले.

‘बाळ, मी पुरी केली नाही,’ एवढे चार शब्द. ते उच्चारायला मला दोन क्षण मिळाले होते. मी हसून नमस्कार केला.

घरी आलो तो सौ.ने दारातच ओवाळले. गोड वर्ज्य असलेल्या मला त्या दिवशी वाटीभर खीर मिळाली. पदक वडिलांच्या तसबिरीशेजारच्या खिळ्याला लागले. दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षकांनी शाल-नारळ दिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी भाषणही केले. चिकाटी हा विषय होता. काय बोललो ते आठवते, पण येथे लिहिण्याचे धाडस होत नाही.

तीन दिवसांनी नववीतली एक मुलगी मधल्या सुटीत माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तालुक्याच्या खेळांत आठशे मीटर धावणारी, गुणी पोर. ‘सर, तुमची वेळ किती आली ती बघत होते दादाच्या मोबाइलवर. यादीत तुमचं नाव दिसंना झालंय की.’

तिच्या स्वरात संशयाचा लवलेश नव्हता. यंत्राकडून काही चूक झाली असणार, सरांनी तक्रार करावी, असे तिला वाटत होते. मी ‘बघतो हं’ म्हणून तिला वाटेला लावले.

त्या रात्री झोप आली नाही. कारण त्याच सहामाही परीक्षेत मी दहावीच्या एका मुलाला गणिताच्या पेपरात नक्कल करताना पकडले होते आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेसमोर उभे केले होते. ‘नापास झाला असतास तर मला दुःख झाले नसते,’ असे मी त्याला सर्वांच्या देखत म्हणालो होतो. वाक्य मला तेव्हा फार चांगले साधले असे वाटले होते. आता तेच रात्रभर उलटून येत होते.

पहाटे मी सौ.ला उठवून सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अहो, मला काय, तुम्ही धडधाकट घरी आलात यातच सगळं आलं. पण मुलांसमोर बोललात ना तुम्ही?’ एवढे बोलून ती चहा टाकायला गेली.

शनिवारी प्रार्थनेनंतर मी पदक हातात घेऊन उभा राहिलो आणि जे घडले ते चार-पाच वाक्यांत सांगितले. भाषण केले नाही. एकदा करून भागले होते. सभोवती अशी शांतता पसरली की मागच्या आवारातील हापशाचा आवाज ऐकू येत होता. तो दहावीचा मुलगा तिसऱ्या रांगेत होता. त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. दुपारी त्याला खोलीत बोलावले आणि त्याची क्षमा मागितली. चूक पकडल्याबद्दल नव्हे; ती पकडणे माझे कामच होते. चारशे मुलांसमोर उभे केल्याबद्दल. तो खाली पाहत म्हणाला, ‘असू दे की सर.’

शिक्षकांच्या खोलीत मतभेद झाले हे मला कळले. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने स्पष्टच विचारले, ‘कशाला बोललात? खुर्चीचा मान गेला ना!’ त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक आहे असे मला आजही वाटत नाही. त्यानंतर काही दिवस वर्गात पाठ फिरवली की मागे खुसखुस होई. पदक मी पत्रासह संयोजकांना टपालाने परत पाठवले. उत्तर आले नाही. येण्याचे कारणही नव्हते.

धावणे सोडून द्यावे असे मनात आले होते. पण साखर काही नीतीचे प्रश्न ऐकून घेत नाही. पुन्हा व्हॅक्सिन डेपो सुरू झाला, आणि रविवारी येळ्ळूरजवळच्या राजहंसगडाचा चढ. गडाकडे जाणाऱ्या त्या रस्त्याने मला सावकाशी शिकवली. चढावर बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. बोलता आले नाही तर चालू लागावे. मी घामाघूम होऊन गुरे राखणाऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारीत चढत असे. गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याची साखर लांब धावताना एकदम उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून हृदयाची तपासणी करून घेतली आणि खिशात खडीसाखरेची पुडी ठेवू लागलो.

२०२४ च्या पावसाळ्यात साताऱ्याच्या डोंगरी अर्ध्या मॅरेथॉनला गेलो. २०१२ पासून भरणारी ही शर्यत. निपाणी, कोल्हापूर, कऱ्हाड करीत आम्ही उभयता आदल्या दिवशी पोहोचलो. चौगुल्यांबरोबर अँटवर्पला गेलेल्या चमूत साताऱ्याचे सदाशिव दातारही होते. त्यांच्या गावी धावायचे म्हणून उगीचच उर भरून आला होता.

पहाटे पोलीस मैदानावर हजारोंची गर्दी. या खेपेस मी सर्वांत मागे उभा राहिलो. गाव ओलांडून यवतेश्वरचा घाट लागला, तसे धुके खाली आले. वळणावर वळण, डाव्या-उजव्या अंगाला ओले गवत, मधूनच उघडणारी दरी आणि खाली अस्पष्ट सातारा. घाटात मी बिनदिक्कत चाललो, धावलो, पुन्हा चाललो. रस्त्याच्या कडेला सातारकर टाळ्या वाजवीत उभे होते. एक आजीबाई ‘चला माउली, आलंच’ म्हणत होत्या. काहीही आलेले नव्हते, अजून तेरा किलोमीटर होते, पण ऐकायला बरे वाटले.

वळणाची चटई आली. तिच्यावर पाय पडताच यंत्राने बारीक ‘टी’ असा आवाज केला. माझ्या मागून येणारा तरुण हसला असावा, कारण मी तिथे क्षणभर थांबून खाली पाहत राहिलो होतो.

चढ संपला की सुटलो, असे वाटते. तो भ्रम आहे. उतारावर प्रत्येक पावलाला मांड्यांना शरीराचे ओझे पेलून आवरावे लागते आणि खरे हाल तिथे होतात. सतराव्या किलोमीटरला मांड्या लाकडासारख्या झाल्या. पायरीवर बसण्याजोगे एक दुकानही दिसले. मागून रुग्णवाहिका हळूहळू आली आणि आतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, ‘काका, छातीत दुखतंय का? चक्कर?’ मी प्रामाणिकपणे शरीराची झडती घेतली. दुखत होते ते पाय, आणि थोडीशी मान. खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला आणि ‘नाही’ म्हणालो.

३ तास ११ मिनिटे लागली. कमानीपाशी सौ. औषधांची पिशवी घट्ट धरून उभी होती. मला पाहताच तिने आधी पिशवी उघडली, मग चेहऱ्याकडे पाहिले, मग बंद केली. पदक एका मुलाने माझ्या हातात दिले. गळ्यात घालायला तो उंचीने पुरला नाही.

सोमवारी ती मुलगी, आता दहावीत गेलेली, प्रार्थनेच्या आधीच दाराशी हजर. ‘सर, हाय नाव यादीत! पण आडनाव चुकवून घातल्यात की हो. इंग्रजी अक्षरंच चुकल्यात. कळवायचं काय त्यांना?’

मी म्हटले, ‘असू दे.’ आणि घंटा द्यायला सांगितली.