सोळा टोमॅटो आणि एक विहीर

धामणगावला ‘रेल्वे’ हे आडनाव कसे चिकटले ते इथे बदलून आल्यावर मला कळले. विदर्भात धामणगावे बरीच. अचलपूरकडे धामणगाव गढी, बुलढाण्याकडे धामणगाव बढे, आणि नागपूर-मुंबई लोहमार्गावरचे, बडनेरा नि वर्धा यांच्या मधले आमचे हे कापसाचे गाव. इथली माती काळीभोर. पावसाळ्यात ती पायातली चप्पल सोडत नाही आणि उन्हाळ्यात अशी फाटते की, भेगेत हात घालावा तर कोपरापर्यंत जावा. आमच्या कोठीच्या कुलपाची एक किल्ली अजून त्या भेगांत कुठेतरी आहे.

आमचा वाडा चार बिऱ्हाडांचा. परसात एक विहीर, सर्वांच्या मालकीची, आणि विहिरीपलीकडे पडीक जागा, कुणाच्याच मालकीची नसलेली. ती जागा बघून माझ्यातला शेतकरी जागा झाला. दिवाळीनंतर मी वाफे केले. मेथी, पालक, वांगी, आणि कोथिंबीर, जिला इथे ‘सांबार’ म्हणतात. (पहिल्या आठवड्यात भाजीवालीने “सांबार पाह्यजे का?” असे विचारले तेव्हा मी तिला इडलीचे विचारले होते. ते असो.) पण माझा खरा जीव होता टोमॅटोच्या सोळा रोपांवर. जानेवारी-फेब्रुवारीत ती अशी लगडली की, बिऱ्हाडोबिऱ्हाडी टोमॅटो वाटून मी दानशूर म्हणून मिरवू लागलो. त्या भरात पुण्याला ताईला लिहून बसलो, “मे महिन्यात ये, घरचे टोमॅटो खाऊ घालतो.”

समोरच्या खोलीतल्या आजींना मी हे कौतुकाने सांगितले. त्या सुपारी कातरीत होत्या.

“लावा भाऊ, लावा,” त्या म्हणाल्या. “पण चैतानंतर त्या टमाटरच्या भरवशावर राहू नका.”

अकोल्याला 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे. त्याने सांगितले असते तर मी निमूट ऐकले असते. आजींचे ऐकले नाही.

मार्च सरला आणि ऊन खऱ्या अर्थाने तापू लागले. पालक तुऱ्यावर आला, मेथी करपली, सांबार एका आठवड्यात नाहीसा झाला. टोमॅटोला मात्र फुले येत होती. पिवळी, टवटवीत फुले. रोज सकाळी मी ती मोजी, आणि रोज सकाळी त्यांतली निम्मी खाली मातीवर पडलेली असत. फळ एक नाही. मी निदान केले: झाडे तहानलेली आहेत. माणूस एकदा निदान करून बसला की औषधाचा डोस तेवढा वाढवीत जातो. मी पाणी वाढवले.

इकडे विहीर आटत चालली होती. सकाळी मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची आणि ती चौघांनी पुरवायची, असा वाड्याचा शिरस्ता. एप्रिलअखेर मोटर अर्ध्या तासात हवा ओढू लागली. “झाडांना आता पाणी नाही,” असे ठरले आणि ठरवताना मीही मान डोलावली. त्याच रात्री साडेअकराला, सगळे गच्चीवर झोपलेले पाहून, मी पोहरा विहिरीत सोडला. मोटरीचा आवाज झाला असता म्हणून पोहरा. कप्पी करकरत होती. तिला खोबरेल तेल घातले. बारा बादल्या. दुसऱ्या रात्री पुन्हा बारा. हिला मी सांगितले की, उकाड्याने झोप येत नाही, जरा फेऱ्या मारतो. ते अर्धे खरे होते.

मेच्या मध्यावर सकाळी टाकीत गढूळ पाणी येऊ लागले. वाड्यात कुजबुज झाली. शेवटच्या बिऱ्हाडातली मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ महिन्याचे. दुपट्यांची धुणी रोज दोरीवर दिसत. कुणीतरी म्हणाले, “एवढे धुणे असल्यावर पाणी पुरणार कसे?” दुसऱ्याने “तेच की” म्हटले. तिच्या आईने काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशीपासून ती कपड्यांचे बोचके घेऊन उन्हाच्या आधी नातेवाइकांकडे धुवायला जाऊ लागली. मी त्या वेळी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. बोचके माझ्या समोरून गेले आणि मी पान उलटले. हे लिहिताना हात अडखळतो, पण उलटले खरे.

वर्तमानपत्रात होते ते उन्हाचेच. ते 2024 साल. पंचवीस मेला नवतपा सुरू झाला, आणि अकोल्यात तर उन्हापायी 31 मेपर्यंत जमावबंदीचे 144 कलम लावले गेले. ती बातमी वाचून ताईने येणे रद्द केले! माझ्या वाफ्यात टोमॅटोंचा जमाव जमण्याची भीती नव्हतीच; तरी मी रात्री पोहरा सोडीतच होतो. आता ताईसाठीही नव्हे, निव्वळ हट्टाने.

त्याच आठवड्यात एका रात्री चौथी बादली ओढताना अंगणातल्या खाटेवरून आवाज आला. आजी गच्चीवर जात नसत, त्यांचे गुडघे दुखत. हे मी एवढे दिवस लक्षातच घेतले नव्हते.

“भाऊ,” त्या पडल्यापडल्या म्हणाल्या, “रातच्याला इहिरीले झोपू द्या. तिले बी भराले टाइम लागते.”

एवढेच. मग कूस बदलली.

दिवसा उपसलेली विहीर रात्री झऱ्याझऱ्याने पुन्हा भरते, सकाळचे पाणी हे रात्रीच्या त्या झिरपण्याचे, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही समजेल. बारा बादल्या मी झाडांना घालत नव्हतो, सकाळच्या टाकीतून काढत होतो. आणि झाडांना त्यांचा उपयोग शून्य. पुढे वाचनात आले की, दिवसाचे तापमान 35 अंशांच्या पलीकडे गेले आणि रात्रीही हवा पुरेशी निवली नाही की टोमॅटोचा पराग निकामी होतो. फूल येते, फळ धरत नाही. टोमॅटोचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वताच्या बाजूला. वऱ्हाडात मेच्या रात्रीही पारा पुष्कळदा 28-30 च्या खाली उतरायला तयार नसतो. त्याला तहान नव्हतीच!

“कप्पी करकरेना झाली तवाच मले समजलं,” आजी सकाळी म्हणाल्या. वाड्यात त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. सांगणे माझ्यावर सोडले होते. ते कसे सांगितले याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. शेवटच्या बिऱ्हाडाच्या दारात उभा राहून तीनदा घसा खाकरला, एवढे सांगतो. मुलीची आई तांदूळ निवडीत होती. तिने वर पाहिले, “बरं,” म्हणाली, आणि पुन्हा निवडू लागली.

टोमॅटोची सोळाही रोपे मी त्या संध्याकाळी उपटली. वांग्यांचे काय करावे ते आजींनी सांगितले. झाडे जमिनीपासून वीतभर ठेवून छाटली, वर पऱ्हाट्यांचा मांडव घातला, बुडाशी गव्हाचे कुटार पसरले. पाझरणारा एक जुना माठ मधोमध गळ्यापर्यंत पुरला आणि त्यात भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी ओतू लागलो. माठ दोन दिवसांत हळूहळू रिता होई. कुटाराखाली हात घातला तर माती गार लागे. आठवड्याने माठाभोवती लालसर दांड्याची, बारीक जाड पानांची काहीतरी वेल पसरली. मी ती तण म्हणून खुरप्याने काढणार, तो आजी ओरडल्या, “अवो चिवय हाय थे!” चिवळ. कुणी न लावलेली, उन्हात हसत वाढणारी. मुगाची डाळ घालून केलेली तिची भाजी त्या उन्हाळ्यात आम्ही पाचसहा वेळा खाल्ली. टोमॅटोच्या बिया मी पाकिटाला पैसे देऊन आणल्या होत्या.

मृगाचा पाऊस झाला तशी छाटलेली वांगी खोडाच्या पेरापेराला फुटली. ऑगस्टमध्ये झाडे वाकली. मुलगी बाळाला घेऊन सासरी निघाली तेव्हा आम्ही वांगी तुराट्यांवर भाजून, पातीचा कांदा नि कच्चे तेल घालून भरिताचा डबा भरला. स्टेशनावर गाडी यायला वेळ होता. मुलीच्या आईने डब्याचे झाकण किंचित उघडून पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि त्या सकाळनंतर पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली:

“भरतात टमाटर नाही का टाकलं, भाऊ?”